पंधराव्या विहिरीचा दोर

माझ्यावर कोणी उपकार केले तर मी ते विसरते, असं माझी आई म्हणायची. खोटं नाही. पण कोणी अपमान केला तर तारीख, वार आणि त्या दिवशी घरात भाजी कसली होती, इथपर्यंत सगळं माझ्या ध्यानात राहतं. सरांनी अहवालावरून माझं नाव काढलं त्या गुरुवारी आमच्याकडे गिलक्याची भाजी होती. ती मी ताटात तशीच टाकली आणि तेव्हापासून गिलक्याला हात लावलेला नाही.

हे अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदचं. मी जळगावात भूगोल घेऊन एम.ए. करत होते. धरणगावहून रोज पॅसेंजरनं ये-जा. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचे. सर विद्यापीठाचे मान्यताप्राप्त मार्गदर्शक. सफारी सूट, खिशाला दोन पेनं, आणि बोलणं असं गोड की ऐकणाऱ्याला साखरेचा विकार जडावा. त्यांना जिल्ह्याच्या कार्यालयाकडून एक प्रकल्प मिळाला होता. एरंडोलच्या पलीकडच्या पाच गावांतल्या पंधरा विहिरींचं पाणी वर्षभर, दर पंधरा दिवसांनी मोजायचं. ज्या गावाचं पाणी वर्षभर वर आहे तिथल्या लहान शेतकऱ्यांना योजनेतून नव्या विहिरी मंजूर होणार होत्या. ज्या गावाचं पाणी खोल आहे तिथं एकही नाही.

त्या कामावर सरांनी वर्गातून मला निवडलं. महिना तीनशे रुपये मानधन. पण मला हरखून टाकलं ते पुढच्या वाक्यानं. "अहवालावर माझ्या नावाखाली तुझं नाव येईल," सर म्हणाले. "त्या जोरावर पीएच.डी.ला मीच तुला घेतो." आमच्या घरातल्या कोणाचं नाव तोवर छापून आलं असेल तर ते लग्नपत्रिकेत, तेही 'आपले नम्र' या मथळ्याखाली. मी नानांना सांगितलं तेव्हा त्यांनी दोनदा विचारलं, "छापील? म्हणजे टाइप केलेलं का छापखान्यातलं?"

विहिरी मोजण्यासाठी प्रकल्पातून पोलादी टेप घेतला होता. तो मी सरांच्या टेबलावर एकदा पाहिला. त्याच महिन्यात सरांच्या बंगल्याची आखणी सुरू झाली आणि टेप तिकडे गेला. पाया झाला, भिंती चढल्या, तरी टेप काही उतरेना. मी विचारायला गेले की सर म्हणायचे, "तू हुशार आहेस गं, काहीतरी जुळव."

मी नानांना सांगितलं. त्यांनी जिनिंगमधून चांगला पिळाचा सुती दोर आणला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका मारवाडी शेठजींचं कापडाचं दुकान होतं. दुपारी गिऱ्हाईक नसताना शेठजींनी त्यांचा कापड मोजायचा लोखंडी मीटर दिला आणि नानांनी दुकानाच्या फरशीवर बसून दर मीटरला एकेक गाठ मारली. दर पाचव्या गाठीला आईनं लाल चिंधी बांधली. खाली गवंड्याचा ओळंबा. विहिरीत दोर सोडायचा, ओळंबा पाण्याला टेकला की हाताला समजतं, मग वर ओढत गाठी मोजायच्या. असं ते आमचं शास्त्र.

सकाळच्या एस.टी.नं निघायचं, पहिल्या गावापासून सुरुवात करायची, आणि पाचव्या गावातली पंधरावी विहीर उरकेपर्यंत उन्हं कलायची. सर वर्षात एकदाच आले, तेही जीपमधून, फोटोवाल्याला घेऊन. त्या दिवशी पोलादी टेप पहिल्यांदा विहिरीवर आला. सरांनी तो हातात धरला, फोटो झाला, आणि टेप जीपमध्ये बसून परत बंगल्यावर गेला. बाकी वर्षभर उंटावरून शेळ्या हाकणं. दर सोमवारी मी छापील फॉर्ममध्ये गाठींचे आकडे भरून द्यायचे, सर न पाहता फाइलला लावायचे.

पंधरावी विहीर एका शेतकऱ्याची होती, आणि तिच्यापासून हाकेच्या अंतरावर त्याच्या विधवा भावजयीचं घर. तिला सगळे अक्का म्हणत, मीही म्हणू लागले. तिच्या वाट्याची दोन बिघे जमीन कोरडवाहू. प्यायचं पाणीसुद्धा दिराच्या विहिरीवरून. तिथं गेली की आधी दिराच्या म्हशी पाणी पिणार, मग त्याची सून धुणं धुणार, आणि मग हिनं घागर बुडवायची. कधी दिराचं डोकं फिरलं तर तेही नाही. योजनेत विहीर मिळावी म्हणून तिनं अर्ज केला होता. मी त्या कामावरची बाई आहे हे कळल्यापासून ती माझी वाट पाहायची. मी दिसले की पितळी पेला भरून दारात उभी. मी काही बोलायला लागले की म्हणायची, "पहिले पानी पे, मंग बोल."

आमचं जुळलं त्याचं कारण, तीही माझ्यासारखीच डूख धरणारी होती. दीर कोणत्या वर्षी काय बोलला, हे ती पोथी वाचल्यासारखं सांगायची. "मनी इहिर व्हऊ दे," ती म्हणायची, "मंग त्यानी म्हैस मना बांधवर पानी प्यायले येऊ दे. दाखाडस त्याले." आणि माझा दोर वर आला की विचारायची, "पानी कितलं शे? खाल गये का व?"

पाणी खोलच लागत होतं. दर खेपेला तिच्या गावाच्या विहिरींचे आकडे सगळ्यांत वाईट. मला ते सांगताना जिवावर यायचं.

चौथ्या महिन्यात पुलाचं काम निघालं आणि एस.टी.चा रस्ता बदलला. त्या खेपेला मला उलटं जावं लागलं. आधी अक्काचं गाव, शेवटी एरंडोलकडचं. आणि आकडे फिरले! अक्काच्या गावाचं पाणी चक्क मीटरभर वर आलं होतं, आणि ज्या पहिल्या गावाचं पाणी कधी हललं नव्हतं ते खाली गेलं होतं. मी एस.टी.त बसून वही पाहत होते. मांडीवर ओल्या दोराची झोळी होती. सकाळी निघताना तो दोर मऊ होता, आता ताठ झाला होता. पावसात धुण्याची दोरी ताणली जाते ना, तसा. सुती दोर भिजला की आखडतो! गाठी जवळ येतात, मग तेवढंच खोल पाणी मोजायला जास्त गाठी लागतात. पहिल्या विहिरीवर कोरडा दोर खरं सांगायचा; पंधराव्या विहिरीपर्यंत झोळीत सगळा भिजून खोटं बोलायला लागायचा. अक्काच्या गावाचं पाणी खोल नव्हतं. अक्काचं गाव माझ्या वाटेच्या शेवटी होतं, एवढाच त्याचा दोष.

घरी येऊन मी आणि नानांनी दोर बादलीत बुडवला आणि शेठजींचा मीटर लावून पाहिला. पंधरा गाठींमागे जवळजवळ मीटरभर फरक. नाना एवढे खजील झाले, जणू त्यांच्याच हातून माप मारलं गेलं होतं.

सोमवारी मी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी चहा ढवळत ऐकलं. "फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नाही," ते म्हणाले. "तू गाठीच भर. किती आखडला ते वेगळ्या वहीत लिही, शेवटी एकदम दुरुस्ती करून टाकू." मी तसंच केलं. पुढं दर विहिरीवर दोन गाठींमधलं अंतर पट्टीनं मोजायचं आणि निळ्या वहीत टिपायचं. आधीच्या चार महिन्यांचाही हिशेब मी बसवला. वर्ष संपलं तेव्हा फॉर्मांची फाइल सरांकडे होती आणि निळी वही माझ्या पेटीत. दोराचं आता काय काम? तो मी अक्काला दिला. तिचा जुना कुजला होता.

मग तो गुरुवार आला. अहवालाचा कच्चा मसुदा टायपिस्टकडे पडला होता, तो मी उचकून पाहिला. पहिल्या पानावर सरांचं नाव. त्याखाली सहायक म्हणून सरांच्या भाच्याचं. हा भाचा त्या वर्षी बी.एस्सी.ला नापास होऊन मामाकडे राहायला आला होता. विहीर त्यानं पाहिली असेल तर गच्चीवरून. आयत्या बिळावर नागोबा! मी सरांच्या खोलीत गेले. सर तितक्याच गोड आवाजात म्हणाले, "अगं, तुला मानधन मिळालंय ना? मग नाव कशाला? त्या पोराला कुठंतरी चिकटवायचंय. तुझं पुढं बघू." पीएच.डी.चं विचारलं तर म्हणाले, "मुलींची लग्नं होतात, जागा वाया जाते."

मी रडले नाही. मला रडू येतं ते राग निवल्यावर, आणि हा राग अजून निवलेला नाही. घरी नाना विचारत होते, छापून कधी येणार. मी म्हटलं, छापखाना बंद आहे.

आठवड्याभरानं भाचा आमच्या दारात सायकल लावून उभा राहिला. "ताई, अहवाल फायनल टायपिंगला चाललाय. मामा विचारताहेत, तुमच्याकडे अजून काही कागद, वही वगैरे आहे का?"

इथं मला नीट सांगायला हवं. सर दुरुस्तीचं विसरले होते, पण काहीतरी राहिलंय एवढं त्यांना आठवत होतं. निळी वही माझ्यामागे चार हातांवर पेटीत होती. ती दिली असती तर आकडे दुरुस्त झाले असते, सरांचा अहवाल बिनचूक झाला असता आणि भाच्याच्या नावावर शोभला असता. नाही दिली तर अहवालात आखडलेला दोर जसाच्या तसा जाणार होता. मला अक्काची विहीर आठवली. आठवली नाही असं मी म्हणणार नाही. पण तिच्याआधी सरांचं तोंड आठवलं, आणि मनात आलं, बुडू दे मेल्याला.

"नाही," मी म्हणाले. "सगळं फाइलला आहे."

पुढची दोन वर्षं मी ती वही जपली. धुळ्याला एका कॉलेजात तासिका तत्त्वावर नोकरी लागली तेव्हा ट्रंकेत आधी वही गेली, मग साड्या. मी वाट पाहत होते. आणि सर स्वतःच्या पायांनी चालत आले. एक्क्याण्णवच्या थंडीत आमच्याच कॉलेजात पाण्याच्या प्रश्नावर चर्चासत्र ठरलं आणि प्रमुख वक्ते म्हणून सर. मला पाहुण्यांना फायली आणि बिल्ले वाटायचं काम होतं. त्या फायलीत सरांचा सायक्लोस्टाइल केलेला अहवाल होता. मी टेबलाखाली धरून वाचला. 'सर्व मोजमापे लेखकाने सहायकासह पोलादी टेपच्या साहाय्याने प्रत्यक्ष घेतली.' शेजारी जीपच्या दिवशीचा फोटो. मला इतकं हसू आलं की तोंडात पदर कोंबावा लागला.

चर्चासत्राच्या आधीच्या रविवारी मी अक्काकडे गेले. मला दोर हवा होता. तिच्या गावाला योजनेत एकही विहीर मिळाली नव्हती, हे मला ठाऊक होतं, तिलाही. पण दोर मागितल्यावर तिचा चेहरा उजळला. तिला वाटलं, परत मोजणी निघाली. "लई जाय, लई जाय," ती म्हणाली. "मी शेजारनीना दोर वापरसू. आते इहिर व्हयी ना व?" मी "बघू" म्हणाले. तिनं दिलेलं पाणी प्याले आणि दोर झोळीत घालून निघाले.

सरांचं भाषण झालं. टाळ्या झाल्या. प्रश्न विचारा म्हटल्यावर मी फायलींच्या टेबलामागून उठले.

"सर, मोजमाप कशानं केलं होतं?"

सरांनी मला ओळखलं. तरी हसले. "पोलादी टेपनं. फोटो दिलाय."

"दर खेपेला तुम्ही स्वतः होतात?"

"मी आणि माझा सहायक."

मी झोळीतून दोर काढला. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून टेप आणि पाण्याची बादली आधीच आणून ठेवली होती. सगळ्यांसमोर फरशीवर दहा गाठी मोजून दाखवल्या, दोर बादलीत टाकला, चहाची सुट्टी होऊन गेल्यावर परत मोजून दाखवल्या. मग मी अहवालातलं शेवटचं पान वाचलं. दर खेपेला शेवटच्या गावाचंच पाणी का खोल? फक्त एकाच खेपेला ते वर आणि पहिलं गाव खाली का? पोलादी टेप आखडतो का, सर?

नाक दाबलं की तोंड उघडतं. सर लालबुंद झाले आणि एकदम ओरडले, "अहो, ह्याच मुलीकडे दिलं होतं सगळं! वर्षभर पंधराच्या पंधरा विहिरी हीच मोजत होती! हिनं घोळ घातला आणि मला विचारतेय!"

अध्यक्षांनी चष्मा काढला आणि विचारलं, "मग अहवालावर यांचं नाव का नाही?"

सरांनी पाणी मागितलं. त्या क्षणी मला जे सुख झालं ते मी लपवणार नाही. माझ्या लग्नातही मला एवढं झालं नाही. ज्या तोंडानं माझं नाव पुसलं त्याच तोंडानं, शंभर माणसांत, माईकवरून माझं काम माझं म्हणून सांगितलं होतं. मी निळी वही अध्यक्षांसमोर ठेवली. त्यानंतर सरांना जिल्ह्याच्या कुठल्याही समितीवर कोणी बोलावलं नाही, हे मी पुढं मुद्दाम चौकशी करून खात्री करून घेतलं.

जेवणाच्या सुट्टीत जिल्ह्याच्या कार्यालयातले एक वयस्कर इंजिनियर माझ्याकडे आले. त्यांच्या हातात माझी वही होती. "बाई, काम चोख केलंय तुम्ही," ते म्हणाले. "ह्या वहीप्रमाणे शेवटच्या गावाचं पाणी वर्षभर पहिल्या गावाइतकंच वर होतं. तिथं विहिरी द्यायलाच हव्या होत्या."

"मग आता द्या."

"योजना मागच्या मार्चमध्ये बंद झाली. तिथल्या विहिरी दुसऱ्या गावांना गेल्या." त्यांनी वही माझ्या हातात दिली. "ही अहवालाच्या वेळी कुठं होती?"

मी फायली आवरायला लागले.

दोर परत द्यायला मी पुढच्या रविवारी गेले. खरं तर पोस्टानं पाठवता आला असता, आणि तसं करावं असं मला फार वाटलं. अक्का दारातच होती. मी पिशवीतून दोर काढला तसं तिनं विचारलं, "व्हयनं का व काम?"

मी तिला सांगितलं. दोर आखडतो ते, तिच्या गावाचं पाणी खोल नव्हतंच ते, योजना संपली ते. एका दमात सांगितलं. ती उंबऱ्यावर बसून ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, "तुले कवय कयनं?"

"चौथ्या महिन्यात."

"कागद लिखाना पहिले?"

"हो."

"मंग बोलनी का नही?"

खोटं सुचत नव्हतं असं नाही. सरांवर ढकलता आलं असतं, आणि त्यांच्यावर काहीही ढकलायला मला कधी लाज वाटलेली नाही. पण ही बाई डूख ओळखणारी होती. "सरांची जिरवायची होती, अक्का," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "जिरनी?"

"जिरली."

"बरं व्हयनं," ती म्हणाली. तिनं माझ्या हातातून दोर घेतला, एकेक गाठ चाचपत तो उलगडला, घागरीला बांधला आणि दिराच्या विहिरीकडे निघाली. तिथं म्हशी पाण्यावर होत्या. ती बाजूला घागर टेकवून उभी राहिली. म्हशींचं झालं, मग सुनेनं बादल्या भरल्या. अक्का उभीच होती. मी ओट्यावरून पाहत होते. बऱ्याच वेळानं घागर डोक्यावर घेऊन ती परत आली, माझ्या शेजारून आत गेली, आणि आत घागर ठेवल्याचा आवाज आला.

मी थांबले. पेला बाहेर येईल असं वाटत होतं. आतून चूल फुंकल्याचा आवाज येऊ लागला तेव्हा मी उठले.

फाट्याची वाट दिराच्या विहिरीवरून जाते. ऊन चढलं होतं आणि घसा सुकला होता. काठाशी कोणी नव्हतं. मी सवयीनं वाकून पाहिलं. पाणी चांगलं वर होतं. दोर अक्काकडे होता.